नारिंगी दगडांचे रस्ते

"येष्टी बंद हाय का आज?"

मावळात सायकलवर हिंडताना हा प्रश्न आम्हांला हमखास यायचा. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कॅरियरला सुतळीनं आवळलेली वळकटी, हँडलला अडकवलेली शबनम, घामानं अंगाला चिकटलेला शर्ट. "नाही मामा, येष्टी चालूये, आम्ही आपले हौसेनं आलोय," म्हटलं की मामा आधी सायकलीकडं बघायचे, मग आमच्याकडं, आणि या पोरांची घरी कुणाला काही पडलेली नाही असा चेहरा करून पाण्याचा तांब्या पुढं करायचे. आता त्याच गावात त्यांचा नातू थांबवतो. त्याचा प्रश्न निराळा. "केवढ्याला पडली?" आकडा सांगितला की तो शेजारच्या मित्राकडं बघून हसतो. "एवढ्यात बुलेट आली असती की, काका!"

ते 'काका'सुद्धा नवंच.

आमच्या सायकली म्हणजे ॲटलास, हीरो, हर्क्युलिस. काळ्या, बावीस इंची, रॉडच्या ब्रेकच्या. गिअरची सायकल आम्ही बघितली होती ती फोटोत. कुणाकडं बीएसए एसएलआर असली तर त्याच्याशी जरा अदबीनंच बोललं जाई. निघायच्या आधी गल्लीतल्या दुकानात सायकल ओव्हरऑइलला टाकायची, छर्रे बदलून घ्यायचे, चाकाचा आऊट काढून घ्यायचा. बरोबर हातपंप, सोल्यूशन, जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे, घासकागद आणि दोन चपटे पान्हे. पंक्चरचं काही वाटायचं नाही, मावळात ट्यूब बुडवून बघायला ओढा कुठंही मिळतो. खरा वैताग कॉटर पिनचा. चढावर उभं राहून पायडल दाबलं की ती ढिली व्हायची आणि दर फेरीला पायाखाली 'कट्' असा आवाज सुरू. मग उतरायचं, ओढ्यातला एक हाताजोगा गोटा निवडायचा, क्रँकखाली दुसऱ्या दगडाचा टेकू द्यायचा आणि पिन ठोकायची. टेकू नसला तर सगळा मार आतल्या छर्‍यांवर बसतो, हे आम्हांला दुकानदारानं शिव्या घालून शिकवलं होतं. आजच्या सायकलीत कॉटर पिनच नाही. तिची आठवण काढून हळवं होण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही. गेली ते बरं झालं.

एसटीच्या टपाबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही. लाल गाडीच्या मागं लोखंडी शिडी असायची आणि वर कठडा घातलेला टप. कोकणात उतरायचं सायकलवर आणि परत यायचं एसटीनं, हा आमच्या प्रत्येक दौऱ्याचा पाया. माणगावला नाहीतर रोह्याला गाडी लागली की एकानं खालून सायकल उचलायची, एकानं शिडीवर मध्ये उभं राहायचं, एकानं वरून ओढून घ्यायची. तिथं आधीच आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांच्या डालग्या आणि कुणाचातरी पलंग. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा आणि "पायडल पेटीत घुसलं तर भरून द्यावं लागेल" असा दम भरायचा. आता येणाऱ्या नव्या गाड्यांना ना शिडी, ना टप. सायकल न्यायची तर पोटातल्या डिकीत, तीही चाकं काढून, ड्रायव्हर-कंडक्टरच्या मर्जीनं. त्यामुळे झालंय असं की, आजचा सायकलवाला बहुतेक वेळा जिथून निघतो तिथंच परत येणारा रस्ता शोधतो, किंवा मोटारीच्या पाठीवर सायकल टांगून आधी शंभर किलोमीटर मोटार चालवतो. एका गावातून निघून भलत्याच गावात उगवायचं, हा सायकलीचा मूळ आनंद. तो कमी होण्यात त्या शिडीचा वाटा कुणी धरत नाही.

आमचा आवडता रस्ता पौडवरून मुळशी आणि ताम्हिणीचा. चांदणी चौक ओलांडला की पुणं संपायचं. आज या वाक्यावर लोक हसतील. तिथला जुना पूल २०२२ साली स्फोट करून पाडला आणि आता त्या जागी पुलांचा असा गुंता आहे की पायडल मारत कुठून कुठं जायचं हे बघायला थांबावं लागतं. तेव्हा भूगाव, भुकूम ही खरीच गावं होती. पिरंगुटचा छोटा घाट हीच पहिली परीक्षा. पौडला मिसळ खायची, आणि मग मुळेच्या काठानं वर वर सरकत जायचं. रस्त्यावर बैलगाड्या, दुधाचे कॅन लावलेल्या सायकली, तासाभरानं एखादी एसटी किंवा वाळूचा ट्रक. वाहन येतंय हे दिसायच्या बरंच आधी ऐकू यायचं, कारण ऐकू येण्याजोगं दुसरं काही नसायचं.

धरणाची भिंत लागली की त्या पाण्याची गोष्ट सुरू होते. मुळा मूळची पूर्ववाहिनी. मुठेला भेटायचं, भीमेला, कृष्णेला मिळायचं आणि बंगालच्या उपसागराला जायचं, असा तिचा शिरस्ता. टाटांनी ती मुळशीला अडवली आणि तिचं पाणी बोगद्यातून, मग नळांतून सह्याद्रीच्या कड्याखाली सोडलं, पश्चिमेला, भिऱ्याच्या वीजघरात. तिथं जनित्रं फिरवून ते कुंडलिकेत जातं आणि रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. उन्हाळ्यात कोकणातल्या बाकीच्या नद्या दगड दाखवत असतात तेव्हा कुंडलिका सकाळच्या वेळी भरून वाहते, ती यामुळं. कोलाडचं राफ्टिंग त्याच सोडलेल्या पाण्यावर चालतं. या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथं. लढा तीनेक वर्षं चालला. गावं गेली ती गेलीच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळांचे आणि घरांचे चौथरे वर येतात, आणि डांबरी रस्त्यावरून सायकल हाकताना बाजूला, खाली, चिखलात एक दुसराच जुना रस्ता पाण्यात शिरताना दिसतो. आम्ही त्या वयात हे सगळं बघायचो आणि पुढं जायचो. आम्हांला उतार गाठायचा असायचा.

जलाशयाच्या शेवटाला रान दाट व्हायचं. जांभूळ, हिरडा, अंजन, आणि दरडीवर कारवी, जी सात-आठ वर्षांनी एकदा एकजात फुलते. निव्यापासून ताम्हिणीपर्यंत डांबर असं नव्हतंच धड. जागोजागी खडी उघडी पडलेली, वळणावर लाल माती. सकाळी कस्तूर शीळ घालायचा, एखाद्या पोरानं रिकामपणी घालावी तशी, सूर न सापडणारी. शेकरू इकडून तिकडं उडी मारायचं आणि नुसती फांदी हलताना दिसायची. डोंगरवाडीच्या पुढं घाट खाली सुटतो. रॉडचे ब्रेक तापून रबराचा वास यायला लागला की थांबायचं, रिमवर पाणी शिंपडायचं, चर्र झालं की पुन्हा बसायचं. विळ्याला खाली पोचेपर्यंत हवा बदललेली असायची. दमट, जड, भाताच्या पेंढ्याच्या वासाची. तिथून पुढं पाटणूसकडं वळलं की कुंडलिकेत कुठंही उतरता यायचं. बांधावरून सायकल ढकलत न्यायची, करंजाला टेकवायची आणि पाण्यात पडून राहायचं. नदी कुणाच्या मालकीची असते हा विचार मनात यायला काही कारणच नव्हतं.

या शांततेचा हिशेब आम्ही तेव्हा मांडला नाही, आता मांडायला हवा. रस्ता सुना होता, कारण तिथल्या लोकांकडं वाहन नव्हतं, आणि एसटी दिवसातून एकदोनदा यायची. पावसात दरड आली की तीही बंद. रस्त्यापासून आत, खिंडीपलीकडं ज्या वाड्या होत्या तिथल्या आजाऱ्याला घोंगडीच्या झोळीत घालून चार माणसं खाली आणायची. बाळंतपणाला अडलेली बाई, सापानं धरलेला गडी, दहावीच्या परीक्षेचं केंद्र गाठायला पहाटे निघालेली पोरं, सगळे पायी. आम्ही ज्याला निवांत रस्ता म्हणून मिटक्या मारत होतो त्याचं भाडं दुसरंच कुणी भरत होतं. त्यामुळे "पूर्वीचं ताम्हिणी राहिलं नाही" असा सूर लागला की मी जरा सावध होतो. पूर्वीचं ताम्हिणी तिथल्या माणसाला नको होतं.

हे म्हणूनही आजचं ताम्हिणी मला सोसत नाही. पावसाळ्यातल्या रविवारी तिथं जाऊन बघा. प्लस व्हॅलीच्या तोंडाशी दोन्ही अंगांना गाड्या लावलेल्या, मधून जायला सायकलीलाही वाट नाही. कणसं, मॅगी, भजी, आणि दारं उघडी टाकून लावलेली गाणी. देवकुंडाचे फोटो मोबाइलवर फिरायला लागल्यापासून भिऱ्याकडचा रस्ताही तसाच. रस्ता स्वतः उत्तम आहे, यात वाद नाही. रुंद, गुळगुळीत, पट्टे मारलेला. पण उत्तम रस्त्यावर मोटार ऐंशीनं येते, आणि घाटातल्या वळणावर सायकलवाल्याचा जीव आरशातून मागं बघण्यात जातो. २०१३ मध्ये इथं अभयारण्य झालं. रान त्यामुळे बरंचसं टिकून आहे. कस्तूरही शीळ घालतोच. हॉर्नच्या वर ती ऐकू यायला सोमवार उजाडावा लागतो.

नदीचं म्हणाल तर ती आता बहुतेक ठिकाणी तारेच्या पलीकडं आहे. पौडपासून थेट कोलाडपर्यंत पाण्याकडं जाणाऱ्या वाटेवर फाटकं लागली आहेत: कुणाचं फार्महाऊस, कुणाचा रिसॉर्ट, कुणाचा नुसताच एनए प्लॉट, रंगवलेल्या कोपऱ्यांचे दगड रोवलेला. फाटकावर इंग्रजी नाव आणि आत बसलेला राखणदार स्थानिक, कधी कधी त्याच जमिनीच्या जुन्या मालकाचा पोरगा. त्याला म्हटलं, जरा हातपाय धुऊन येऊ का, तर तो ओशाळतो. "मी सोडलं असतं हो, पर क्यामेरा हाय."

एवढं झाल्यावर कुणाला वाटेल, सायकलनं हिंडायचे दिवस सरले. माझं मत नेमकं उलटं आहे आणि ते मित्रांना पटत नाही. आमच्या वेळी मोठा रस्ता शांत होता. पण सायकल चालण्याजोगाही तोच एक होता. त्याला फुटणारा प्रत्येक फाटा दोन किलोमीटरवर बैलगाडीच्या चाकोरीत विरायचा. या खोऱ्यातून त्या खोऱ्यात जायचं तर सायकल खांद्यावर मारून खिंड चढावी लागे, म्हणजे आम्ही जातच नसू. आता मोठे रस्ते हातचे गेले, पण फाटे उघडले. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. सपाटीवर ५०० आणि डोंगराळ भागात २५० वस्तीच्या गावांपर्यंत बारमाही रस्ता न्यायचा, असा तिचा मूळ हेतू. पुढं राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली. या रस्त्यांवरचे किलोमीटरचे दगड वरच्या अंगाला नारिंगी असतात. राष्ट्रीय महामार्गाचा दगड पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा, हे आपल्याला शाळेपासून माहीत. नारिंगी मात्र सायकलवाल्यानं पाठ करून ठेवावा. तो दिसला की बिनदिक्कत वळावं. रस्ता एका गाडीपुरताच असतो, आणि एखाद्या वाडीतल्या मारुतीपाशी संपतो किंवा खिंड ओलांडून पलीकडच्या नदीला भेटतो. दोन्ही चांगलंच. तोंडाशी एक पाटी असते: रस्त्याचं नाव, लांबी, ठेकेदार, आणि पाच वर्षांची देखभाल कधी संपते ती तारीख. ती तारीख वाचावी. पुढं खड्डे किती, याचा अंदाज तिथंच येतो.

सह्याद्रीच्या या पट्ट्यातला भूगोल मुळात खोऱ्यांचा आहे. पवन मावळ, मुठे खोरं, मोसे खोरं, कानद खोरं, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, हिरडस मावळ: प्रत्येक नदीला तिचा मुलूख, तिचे देशमुख, आणि अलीकडं तिचं धरण. दोन खोऱ्यांमध्ये एक धार आणि धारेत एक खिंड. आम्ही तरुणपणी ही नावं इतिहासाच्या पुस्तकात वाचली आणि एकेका खोऱ्यात वेगवेगळं, पुण्याहून जाऊन पुण्याला परत, असं गेलो. ती एकमेकांना चिकटून आहेत हे पायांना कळलं ते आता, पन्नाशी उलटल्यावर, गिअरच्या सायकलीनं.

पाबे घाट घ्या. सिंहगडाला डावीकडं ठेवून खानापूरपर्यंत पानशेतचाच रस्ता, मग डावीकडं वळून चढ. चढ खडा आहे. मागच्या चाकावरची सर्वांत मोठी चकती लावून बसलं तरी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं सायकल जाते, आणि म्हणूनच बाजूचं सगळं दिसतं: दरडीतून झिरपणारं पाणी, त्याखाली कुणीतरी लावून ठेवलेलं पन्हळ, त्या पन्हळीखाली घागर लावून मोबाइलवर बोलत उभी राहिलेली बाई. परवा गेलो तेव्हा तिनं बोलणं न थांबवता घागर बाजूला सारली आणि बाटली भरायची खूण केली. माथ्यावर पोचलं की समोर उजव्या हाताला तोरणा आणि डावीकडं राजगड, दोन्ही एका नजरेत. तिथून उतार थेट कानद खोऱ्यात, वेल्ह्याला. तालुक्याचं नाव कागदावर आता राजगड झालंय. चहावाला अजून वेल्हंच म्हणतो आणि मीही.

वेल्ह्याहून पासलीवरून केळदपर्यंत गेलात तर घाटमाथ्याची कडा लागते, मढे घाट. तानाजींचा देह याच घाटानं खाली उमरठ्याला नेला असं लोक सांगतात. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी इथंही जत्रा असते. पण ऐन डिसेंबरातल्या बुधवारी, पासलीच्या पुढं, घटकाभर थांबलो तर आमच्या पुढून गेली ती फक्त एक पिकअप, मागं म्हैस बांधलेली. एका ओसरीवर चहा मागितला. आजींनी सायकलीची किंमत विचारली नाही. त्यांचं लक्ष टायरकडं होतं. "एवढं बारीक चाक, ते मोडत न्हाई व्हय?" मग त्यांनी रस्त्याचं सांगितलं. पहिल्यांदा डांबर पडलं त्या वर्षी गावात रात्री गाडी आली आणि सुनेला बाळंतपणाला घेऊन गेली. नातू आता शाळेच्या गाडीनं वेल्ह्याला जातो. "तुमच्यासारखी बी येत्यात," त्या म्हणाल्या. रस्ता झाल्याचा तो जरा किरकोळ तोटा, अशा आवाजात.

कोयनेचं खोरं याहून निराळं, कारण तिथला रस्ता होता तो पाण्याखालीच गेला. साठीच्या दशकात धरण झालं, शिवसागर भरला, आणि तापोळा, बामणोली यांच्या पलीकडच्या गावांना लाँच हीच एसटी झाली. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरायचं, सायकल लाँचवर आडवी टाकायची, बामणोलीला उतरून कासच्या पठारावरून साताऱ्याला यायचं, ही आमच्या काळातली चैन. कास २०१२ ला जागतिक वारसा झालं, फुलांच्या दिवसांत तिथं आता तिकीट काढून जावं लागतं. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यात अजून शांतता आहे. रान व्याघ्र प्रकल्पात आहे आणि माणसं बरीचशी मुंबईला. जलाशयावर तापोळ्यापाशी मोठ्या पुलाचं काम हाती घेतलंय. पूल झाला की पलीकडच्यांची लाँचची ताटकळ सुटेल. सायकलवाल्यांनी तिकडं जायचं मनात असेल तर मग फार लांबवू नये.

हळहळ वाटते ती झाडांची. सुरूरहून वाईकडं येताना, भोरकडं जाताना, दोन्ही बाजूंच्या वडांच्या पारंब्या वर एकमेकांत मिसळायच्या आणि ऐन एप्रिलातही खाली ओल वाटायची. रस्ता रुंद करताना असे वड जागोजागी गेले. खिंडी, नद्या, गावं कुठं ना कुठं नवी सापडतात. दीडशे वर्षांच्या वडाला नारिंगी दगडाचा पर्याय नाही. नव्या ग्रामरस्त्यांच्या कडेला कुणी काही लावलेलंच नाही. त्यामुळे फेब्रुवारीनंतर तिकडं जायचं तर सकाळी अकराच्या आत मुक्काम गाठावा लागतो. आम्ही पूर्वी भर दुपारी हिंडायचो ते काही आमच्यात जोम जास्त होता म्हणून नव्हे. वर सावली होती.

तरुण सायकलवाले भेटतात. त्यांच्यात ब्रेव्हेवाले पुष्कळ. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, वाटेत शिक्के घेत. त्यांचे पाय बघून हेवा वाटतो. पण या स्पर्धा म्हणा, सराव म्हणा, बहुतेक मोठ्या रस्त्यांनी जातात, कारण तिथं रात्री चहा मिळतो आणि वेग राखता येतो. त्यांतल्या एकाला मी पाब्याचं सांगितलं. त्यानं लगेच मोबाइल काढून चढाचा आलेख बघितला, नाक मुरडलं, मग म्हणाला, "काका, सरासरी फार पडेल." पडेल खरी.

ज्यांना सरासरीची चिंता नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. नोव्हेंबर ते जानेवारी, आठवड्याच्या मधला वार. पुण्यातून पाचला निघा, मागचा लाल दिवा चालू ठेवा, खानापूरच्या आत नाश्ता उरका; पुढं वेल्ह्यापर्यंत पोटभर मिळेलच असं नाही. मोबाइलवरच्या नकाशात धरणाच्या काठानं एखादी सरळ रेघ दिसते ती खरी धरू नका. तिच्यातली काही वाट पाण्यात असते, काही कुणाच्या फाटकाआड. गावात विचारा. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलंत तर तो पायवाट सांगेल. दुधाची गाडी फिरवणाऱ्या पोराला विचारा, कुठं डांबर आहे आणि कुठं कालच्या पावसात साकव वाहून गेलाय हे त्यालाच ठाऊक असतं.

आणि तो सायकलची किंमत विचारेल. खरी सांगू नका.